शेतीपंपांच्या वीज-पाणी वापराचं गणिती मॉडेल करतोयस? आधी विजेचे तास बघ

अरे, विजेचा दर वाढवला की पाण्याचा उपसा किती घटेल हे गणित आधी बाजूला ठेव. 2024 पासून महाराष्ट्रात 7.5 एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, आणि त्याआधीही मीटर नसलेल्यांना एचपीवर ठरलेलं बिल यायचं, म्हणजे मोटर तासभर जास्त चालवली तरी खिशाला फरक शून्यच. खरी मर्यादा दोनच, लाइट किती तास आणि विहिरीत पाणी किती. कित्येक स्टार्टरला ऑटो स्विच असतो, रात्री लाइट आली की मोटर आपोआप सुरू आणि ऊस भिजतोय तर भिजतोय. म्हणून विजेचे तास मॉडेलमध्ये कन्स्ट्रेंट (न ओलांडता येणारी मर्यादा) म्हणून घाल, विहिरीतली पातळी खाली गेली की तेवढ्याच पाण्याला जास्त युनिट लागतात तेही जोड. आणि बिनमीटर पंपांचे युनिट अंदाजाने काढलेले असतात, त्यात गळती-चोरीही लपू शकते, एकच आकडा धरू नकोस, रेंज देऊनच चालव.