साखळ्या कुणी बांधल्या?

प्रश्न: ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या काल्पनिक मालिकेच्या सातव्या पर्वाच्या सहाव्या भागात (२०१७) मृतांची फौज पाण्याला बिचकते. मग तळ्यात बुडालेल्या ड्रॅगनला साखळ्या कुणी बांधल्या?

उत्तर: पुढचाच भाग पाहा. आरमाराचा सरदार युरॉन विचारतो, या मृतांना पोहता येतं का? त्यांच्याशी लढून आलेला जॉन म्हणतो, नाही. पोहता येत नाही म्हणजे पाण्यात संपतात, असं नव्हे. बुडून तळाशी गेलेल्यानं साखळी अडकवणं नियमात बसतं. एवढ्या जाडजूड साखळ्या त्या बर्फात आल्या कुठून, ही मात्र ढिलाईच.

कथेतलं खरं भगदाड वेळेचं आहे. मृतांची फौज जॉनच्या तुकडीवर चालून येते, तेव्हा मदतीसाठी त्याचा साथीदार गेंड्री ईस्टवॉच किल्ल्यापर्यंत धावतो, तिथून निरोप्या डोमकावळा दूर दक्षिणेला ड्रॅगनस्टोन बेटावर, मग तिथले ड्रॅगन उलट उत्तरेकडे. आणि इकडे तळ्यातल्या खडकावर अडकलेली जॉनची माणसं जेमतेम एक रात्र काढलेली दिसतात! तिथे दोन-तीन दिवस उलटलेले दाखवले असते, तरी भागलं असतं.