लेझर शस्त्रं पुढे क्षेपणास्त्रांची जागा घेतील का?

पूर्ण जागा घेणार नाहीत, पण ड्रोनविरुद्ध लेझर लागणारच. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र किती दिवस खर्च करणार? 13 एप्रिल 2025 ला डीआरडीओ या आपल्या संरक्षण संशोधन संस्थेने आंध्रातल्या कर्नूलला 30 किलोवॅटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवलं. क्षेपणास्त्र पाडायला मात्र शेकडो किलोवॅट हवेत, आणि घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो. ती ट्रकवरच्या यंत्रातून पटकन बाहेर काढणं हे खरं अवघड काम.

दुसरा प्रश्न हवेचा. आषाढात आपल्या साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात धुकं उतरलं की गाडीचा उजेड पुढे जात नाही, तसाच हा किरणही थेंबांत विखुरतो. म्हणून तोफा, क्षेपणास्त्रं जोडीला राहतील. अपशिंग्यासारख्या जवानांच्या गावांसाठी हे संशोधन लवकर पुढे जावं, असं मला मनापासून वाटतं.