ई-सिगारेट सोबत न्यावी का?

प्रश्न : माझा भाचा लंडनहून पुण्यास येऊन पुढे सिंगापूरला जाणार आहे. त्याने ई-सिगारेट सोबत आणली तर चालेल का?

उत्तर : कृपया आणू देऊ नका. लंडनमध्ये ती दुकानात उघड मिळते, म्हणून सर्वत्र चालत असेल, हा समजच प्रवाशांना गोत्यात आणतो. भारतात २०१९च्या कायद्याने विक्री व साठ्याबरोबर आयातीवरही बंदी असून, पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सिंगापुरात तर २०१८पासून ती नुसती जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. खिशातले पेनाएवढे नळकांडे काय किंवा बॅगेच्या कप्प्यात विसरलेले सुटे कार्ट्रिज काय, परदेशी पाहुण्यालाही सवलत नाही. त्याने ती घरीच ठेवून निघावे.