विमानातला नळ: बनवायचा की बसवायचा?

कुडाळहून एका वडिलांचं पत्र आहे. त्यांचा प्लंबिंगचा धंदा, मुलगा बारावी सायन्सला. विमानात पिण्याचं पाणी पुरवणारी जी लाइन असते, तिच्या कामात जायचं असं मुलाने धरलंय. ‘पार्ट बनवायचेत की बसवायचेत, त्यालाच धड ठाऊक नाही. मुंबईची एक संस्था नोकरीची हमी देते, पण फी लाखांत आहे. पाठवू का?’ असं ते विचारतात.

नमस्कार. लगेच पैसे भरू नका. बनवणं आणि बसवणं या दोन वेगळ्या वाटा आहेत, आधी ते ठरू द्या.

काम काय असतं हे तुम्हाला चटकन कळेल. घराची टाकी तुम्ही स्लॅबवर बसवता, पाणी आपसूक खाली येतं. विमानात टाकी फरशीखाली असते. एअरबस ए-320मध्ये साधारण 200 लिटरची. त्यामुळे टाकीत दाबाची हवा सोडून पाणी नळापर्यंत ढकलतात. 35 हजार फुटांवर बाहेर उणे 50 अंशांच्या आसपास थंडी, म्हणून लाइनला जागोजागी हीटर. बेसिनचं पाणी जिथून बाहेर सोडतात ते तोंडसुद्धा गरम ठेवावं लागतं. जोडाला सुतळी-सफेदा नाही. नट टॉर्क रेंचने ठरलेल्या मापापर्यंतच आवळायचा, हाताच्या अंदाजाने नाही. सील पिण्याच्या पाण्याला चालणारं हवं, शिवाय टाकी क्लोरीनने धुतली तरी टिकणारं. आणि प्रत्येक पार्टसोबत त्याचे कागद. कागद नसले तर कोरा करकरीत पार्टही विमानात लागत नाही.

बसवायचं असेल, तर ‘विमानाचा प्लंबर’ अशी वेगळी नोकरी नसते. ते काम एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअरकडे येतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित लागतं. पुढे डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं, त्याच्या परीक्षा आणि बी-1 म्हणजे मेकॅनिकल कामाचं लायसन्स. पाणी आणि सांडपाणी हा त्या अभ्यासक्रमातला एक छोटा धडा. इंजिन, हायड्रॉलिक्स, लँडिंग गिअर सगळंच शिकावं लागतं. शिफ्टची, रात्रपाळीची तयारी हवी. संस्थेला एवढंच विचारा: डीजीसीएची सीएआर-147, म्हणजे प्रशिक्षण संस्थेसाठीची मान्यता आहे का, आणि बी-1साठीच आहे का? उत्तर गोलमोल आलं तर फोन ठेवा. नोकरीची हमी वगैरे जाहिरातीत शोभतं.

बनवायचं असेल, तर मेकॅनिकल डिप्लोमा. बारावी सायन्सवाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. मालवणचं शासकीय तंत्रनिकेतन तुमच्या हाताशी आहे, फी खासगीच्या मानाने किरकोळ. नंतर अप्रेंटिसशिपला नाशिकजवळच्या ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कारखाना) सारख्या ठिकाणी अर्ज करावा. ट्यूब बेंडिंग, वेल्डिंग, सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी मशीन), प्रेशर टेस्ट यांत हात बसला की विमानाचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यांत शिरायला वाट होते. आणि तिथे नाही जमलं तरी ही कामं औषध कंपन्यांत, जहाजबांधणीतही लागतात. म्हणून माझा कौल डिप्लोमाला.

सुट्टीत त्याला तुमच्यासोबत साइटवर न्या. लाइनला प्रेशर देऊन गळती शोधायला लावा आणि प्रत्येक जोडाची नोंद वहीत लिहायला सांगा. नोंदीचा कंटाळा आला, तर आधी मला फोन करा, फॉर्म मग भरू.