लॅटिन-स्पॅनिशमध्ये इंटरनेटचे शब्द कसे येतात? आपल्या वऱ्हाडीत तसं का होत नाही?

दोन्ही भाषा जुन्या शब्दाला नवं काम देतात, आणि बाहेरचा शब्द घेतलाच तर त्याला आपलं व्याकरण लावतात. स्पॅनिशमध्ये माउसला सरळ 'रातोन', म्हणजे उंदीर म्हणतात. ईमेलमधल्या ॲट चिन्हाचं नाव 'आरोबा'. हे मूळचं वजनाचं माप, साधारण ११.५ किलोचं. आपल्या कापसाच्या खंडीचं नाव एखाद्या चिन्हाला पडावं, तसंच! ट्विटरवरून 'तुइतेआर' हे क्रियापद झालं, ते स्पॅनिश अकादमीच्या २०१४ च्या कोशात आलं. लॅटिनमध्ये पासवर्डला 'तेस्सेरा' म्हणतात: रोमन छावणीत परवलीचा शब्द लिहून फिरवायची ती पाटी. किती नेमका शब्द सापडला!

वऱ्हाडीतही हे होतंच आहे. यवतमाळकडच्या गावात मी संगणक शिकवतो. "सर, फाईल डाउनलोड होऊन राहिली" हे रोज कानावर पडतं. शब्द इंग्रजी, पण 'होऊन राहिली' अस्सल आपलं.

एक फरक मात्र आहे. लॅटिनचे नवे शब्द बहुतेक अभ्यासक ठरवतात. स्पॅनिशचे बोलणारे ठरवतात, म्हणून कॉम्प्युटर स्पेनमध्ये 'ओर्देनादोर', मेक्सिकोत 'कोम्पुतादोरा'.