फिरायला गेलो की भांडतो, म्हणजे आमचं पटत नाही का?

मे महिन्याच्या नाहीतर दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आमच्याकडे, म्हणजे जोडप्यांच्या समुपदेशनात, एक प्रश्न हमखास येतो. मॅडम, घरी आम्ही बरे असतो पण फिरायला गेलो की भांडतो, आणि आता रिटायर झाल्यावर चोवीस तास एकमेकांसमोरच बसायचंय तर कसं होणार, मुळात आमचं पटतं तरी का? नवीन लग्न झालेले हे हसत हसत विचारतात, साठीच्या पुढचे विचारतात तेव्हा आवाज जरा खाली गेलेला असतो.

मग मी हल्ली एका जोडप्याची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल ते सगळं बदललंय, नावं नकोतच, काका-काकू म्हणूया. काका बँकेतून 60 ला रिटायर, काकू त्याच्या आधी शाळेतून 58 ला. संसाराची बरीचशी वर्षं लालबागच्या चाळीत, मग मुलुंडला वन बीएचके. लेक-जावई अमेरिकेत मिशिगनला, त्यांनी लग्नाच्या 35 व्या वाढदिवसाला आईबाबांना आरव्ही भाड्याने घेऊन दिली. म्हणजे व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं चाकावरचं घर, ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड, मागे ओटा, फ्रिज, संडास-बाथरूम, सगळं 25 फुटात. काकांनी जन्मभर गाडी घेऊन कोकणात ये-जा केलेली, इंटरनॅशनल परमिट इथल्या आरटीओतूनच काढून नेलेलं, त्यामुळे कॉन्फिडन्स भरपूर. पहिला वीकेंड लेक-जावई सोबत होते, पुढे दोघंच, लहान लहान गावं आणि तलावाकाठचे कॅम्पग्राउंड करत उत्तरेला जायचं असा प्लॅन.

परत आल्यावर माझ्यासमोर बसून काकूंचं पहिलंच वाक्य, "मॅडम, लालबागला दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं नि पोरगी अशी सहा माणसं राहिलो, तिथे एवढं भांडलो नाही. इथे दोघंच, एसी, फ्रिज, दारात तलाव, आणि रोज रडायची वेळ." काका म्हणाले, "रोज नाही हं." काकूंनी फक्त बघितलं.

पहिला भडका लडिंग्टनला. ह्या स्टेट पार्कच्या एका बाजूला लेक मिशिगन, दुसऱ्या बाजूला हॅम्लिन लेक, जागा बघितली तर भांडण सुचायला नको. पण कॅम्पसाईटवर आरव्ही रिव्हर्सने लावायची असते, मागे लाकडी टेबल, बाजूला पाण्याचा नळ नि विजेचा खांब, आणि स्टिअरिंग डावीकडे. काकू मागे उतरून उभ्या राहिल्या आणि आपल्याकडे वॉचमन करतो तसं "येऊद्या येऊद्या येऊद्या" सुरू केलं, उभ्या कुठे तर बरोब्बर गाडीच्या मागे मधोमध, जिथे ड्रायव्हरला दोन्ही आरशांत काहीच दिसत नाही. काकांना ना काकू दिसतायत ना आवाज नीट येतोय, टेबलाचा कोपरा घासला, आणि काका खिडकीतून ओरडले, "तुला साधं उभं राहता येत नाही का!" आजूबाजूचे लोक खुर्च्या टाकून बसलेले, मराठी कळत नसलं तरी सूर कळतोच ना.

दुसरं भांडण संडासाच्या टाकीवरून, आणि मला विचाराल तर हेच सगळ्यात महत्त्वाचं. आरव्हीत दोन टाक्या असतात, संडासाची वेगळी आणि ओट्याच्या-आंघोळीच्या पाण्याची वेगळी, भरत आल्या की डंप स्टेशनला जाऊन जाडी नळी लावून रिकाम्या करायच्या, आधी संडासाची आणि मागून साध्या सांडपाण्याची म्हणजे नळी आपोआप धुतली जाते. काकांनी ग्लोव्हज घातले, नाक मुरडलं, आणि म्हणाले हे मला नाही जमणार, तू बघ. काकूंनी गपचूप केलं. माझ्यापुढे मात्र त्या गप्प बसल्या नाहीत, "पस्तीस वर्षं संडास मीच घासला, ह्यांना एकदा नळी लावायची होती, एकदा." काकांनी यावर जन्मात विचार केला नव्हता हे त्यांच्या चेहऱ्यावर चक्क दिसलं.

बाकी बारीकसारीक चालूच होतं. फोडणी दिली की स्मोक अलार्म, एसी आणि गीझर चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर ट्रिप कारण लाईन 30 अँपिअरची, जूनमध्ये तिकडे रात्री पावणेदहाला उजेड त्यामुळे जेवायचं कधी यावर वाद. पाण्याच्या बाबतीत मात्र काकू उस्ताद निघाल्या, सकाळी तासभर येणाऱ्या नळावर जिने संसार केला तिला टाकीचं पाणी पुरवायला काय शिकवणार.

मग आला मॅकिनॉ ब्रिज. मिशिगनचे खालचा आणि वरचा असे दोन तुकडे जोडणारा 8 किलोमीटरचा पूल, 1957 चा, त्याच्या आतल्या लेनला डांबर नाही, लोखंडी जाळी आहे, खाली बघितलं की थेट पाणी. वारा होता, आरव्ही उंच त्यामुळे हलत होती. काकूंना घाम फुटला, हात थरथरायला लागले, त्या म्हणाल्या थांबवा. पुलावर थांबता येत नाही हे खरंच, पण काका हसले आणि म्हणाले, "डोळे मिट आणि राम राम म्हण." पलीकडे सेंट इग्नेसला पोचल्यावर जावयाला फोन झाला तेव्हा कळलं की ज्यांना हा पूल ओलांडायची भीती वाटते त्यांची गाडी पुलाचेच कर्मचारी चालवून पलीकडे नेऊन देतात, तशी रीतसर सोय आहे. काकूंना ते फार लागलं. "तिथल्या अनोळखी लोकांना माझ्यासारख्यांची भीती खरी वाटते मॅडम, ह्यांना जोक वाटतो." पुढे म्युनिसिंगपर्यंत दोन-अडीच तास एक शब्द नाही. म्युनिसिंग म्हणजे लेक सुपीरियरच्या काठचं छोटंसं गाव, शेजारी पिक्चर्ड रॉक्सचे रंगीत कडे, 1966 साली अमेरिकेतला पहिला नॅशनल लेकशोर म्हणून राखलेला भाग, आणि तो तलाव एवढा की महाराष्ट्राचा पाव भाग त्यात सहज मावेल. काकूंना त्यातलं काय आठवतं विचारलं तर म्हणाल्या, कॅम्पग्राउंडच्या सामायिक बाथरूम ब्लॉकचा रस्ता. राग आला की त्या टॉवेल घेऊन तिकडे निघून जायच्या.

हे ऐकलं आणि मी विचारलं, चाळीत राग आला की कुठे जायचात? काकू लगेच म्हणाल्या, गॅलरीत, शेवटच्या खोलीतल्या वहिनींकडे. काका म्हणाले नाक्यावर, पानवाल्याकडे. आणि एरवी? एरवी काका 8 च्या लोकलने बाहेर ते रात्री साडेआठला घरात, काकूंची शाळा, भिशी, दळण, नळ. म्हणजे सहा माणसांच्या खोलीत हे दोघं जागेपणी समोरासमोर असे रोज जेमतेम दोन तास, तेही चार माणसांच्या देखत, आणि सासूबाईंसमोर कोण बायकोवर ओरडतोय! भांडण विरघळायला गॅलरी होती, नाका होता, लोकल होती, शेजारीण होती. आरव्हीत ह्यातलं काहीच नव्हतं. तिथे जे बाहेर आलं ते मिशिगनमध्ये तयार झालेलं नाही, ते लालबागचंच होतं, फक्त त्याला इतकी वर्षं वाट मिळत होती.

म्हणून माझं उत्तर असं, ट्रिपमध्ये भांडलात यावरून तुमचं पटतं की नाही हे ठरत नाही, तुमच्यामध्ये आजवर काय काय उभं होतं तेवढं कळतं. जॉन गॉटमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, आयुष्य नवरा-बायकोची भांडणं अभ्यासण्यात घालवलेलं, त्यांच्या अभ्यासात जोडप्यांचे सुमारे 69 टक्के वाद कायमचे निघाले, न सुटणारे, आणि हे सुखी जोडप्यांनाही लागू. त्यांचंच दुसरं म्हणणं मला जास्त कामाचं वाटतं, भांडताना नाडी 100 च्या पुढे गेली की समोरच्याचं ऐकूच येत नाही, निदान 20 मिनिटं बाजूला व्हायला लागतं. काकू बाथरूम ब्लॉकला जायच्या ते हेच, फक्त न सांगता जायच्या, आणि काका मागे बसून समजायचे की ही रुसली. आता ठरलंय, सांगून जायचं, "अर्ध्या तासात येते," आणि यायचं. मुलुंडच्या घरात काकांची सकाळ गार्डनमध्ये, काकूंची दुपार त्यांच्या ग्रुपची, तेव्हा कोणी कोणाला कुठे चाललीस विचारायचं नाही.

रिव्हर्सचंही आम्ही सेशनमध्ये केलं, खुर्च्या लावून. मागे उभा राहणाऱ्याने ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशाच जागी उभं राहायचं, दिसेनासा झाला की गाडी जागच्या जागी थांबवायची, आणि हात वर म्हणजे थांब, का ते नंतर विचारायचं. काकांना हे पटकन जमलं कारण यात नियम आहे. माफी मागणं जास्त अवघड गेलं. पुलाबद्दल ते दोन सेशन "अगं पण मी तुला पोचवलं ना सुखरूप" यावरच अडून होते. मग एकदा म्हणाले, "मलाही वारा बघून भीती वाटत होती, म्हणून हसलो." काकूंना हे पहिल्यांदाच कळत होतं, त्या म्हणाल्या, "मग तेव्हाच बोलायचं ना, दोघं मिळून घाबरलो असतो."

एक मात्र वेगळं करून सांगते. जोडीदाराची भीती वाटते, हात उचलला जातो, पैसे-फोन-पासपोर्ट काढून घेतला जातो, चारचौघांत मुद्दाम अपमान होतो, तर हे गॅलरी नसल्याचं प्रकरण नाही, तिथे जोडीने समुपदेशनाला येण्याआधी स्वतःची सुरक्षितता बघा, महिलांसाठी 181 ही हेल्पलाईन आहे.

बाकीच्यांनी बुक केलेली ट्रिप कॅन्सल करू नका. पण पंधरा दिवसांच्या आधी दोन रात्री भंडारदऱ्याला नाहीतर पवनेच्या काठी तंबूत काढून बघा, आणि निघायच्या आधीच घाणेरडं काम कोणाचं ते ठरवा. काका-काकू पुढच्या वर्षी परत जायचं म्हणतायत. काकूंच्या अटी दोन, पूल ओलांडताना गाडी तिथल्या माणसाकडे द्यायची, आणि नळी काकांनी लावायची. काकांनी पहिली लगेच मान्य केली, दुसरीवर अजून ग्लोव्हजचा ब्रँड शोधतायत.