धीर धरतात, धीर देतातही

प्रश्न : बाई, नमस्कार. माझे मिस्टर वायरमन आहेत, मुलगा आठवीत आहे. ‘मी पाहिलेला शूर माणूस’ या निबंधात त्याने वडिलांबद्दल लिहिलं. जूनच्या वादळात रात्री दीड वाजता तार तुटली, गावात अंधार झाला, बाबा भिजत खांबावर चढले, पहाटे लाइट आली, एवढंच लिहिलं होतं. वही परत आली ती लाल शेरा घेऊन : ‘हे कर्तव्य आहे, शौर्य नव्हे. बाजीप्रभूंवर लिही.’ तेव्हापासून पोरगं गप्प आहे. यांना विचारलं तर म्हणतात, ‘शूर कसला मी, दर वेळी पोटात गोळा येतो.’ बाई, पोराचं चुकलं का?
– एक वाचक, बार्शी तालुका

उत्तर : ताई, पोराचं काहीही चुकलेलं नाही, आणि हे त्याला आज रात्री जेवताना सांगा. मी 34 वर्षं निबंध तपासले. डोळ्यांनी पाहिलेलं लिहिणारी मुलं वर्गात दोन-तीनच निघतात, बाकीची गाइड उतरवून काढतात. तुमचा मुलगा त्या दोन-तिघांतला आहे.

आता शेऱ्याबद्दल. कर्तव्य एकीकडे आणि शौर्य दुसरीकडे, ही वाटणी मला कधीच पटली नाही. बाजीप्रभूंचंच घ्या. 13 जुलै 1660 ला घोडखिंडीत त्यांच्यावर आणि बांदल मावळ्यांवर एक काम सोपवलेलं होतं : महाराज विशाळगडावर पोचेपर्यंत वाट अडवून धरायची. ते कर्तव्यच होतं. आदल्या रात्री पन्हाळ्याहून निघताना शिवा काशीद महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसला. ओळख पटली की मरण, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या वाट्याला लढाई आली नाही, नुसतं बसून राहणं आलं. त्या पालखीत बसलेल्या माणसाचा मी फार विचार करते.

मुलाला आणखी एक नाव सांगा : राम राघोबा राणे. कारवारजवळच्या चेंडियाचे, सैन्याच्या बॉम्बे इंजिनिअर्समधले. एप्रिल 1948 मध्ये नौशेराहून राजौरीकडे आपले रणगाडे जायचे होते आणि रस्ताभर सुरुंग पेरलेले होते. ते काढणं ही राण्यांची नोकरीच. 8 एप्रिलला काम सुरू होताच तोफगोळे पडले, त्यांचे दोन जवान गेले, ते स्वतः जखमी झाले. तरी ते सुरुंगांच्या पट्ट्यातून रणगाड्याच्या खाली सरपटत पुढे गेले. हातात दोरी होती, तिचं दुसरं टोक आत चालकाकडे. तिच्याच खुणेने थांब, तिच्याच खुणेने चल. त्या कामासाठी त्यांना परमवीर चक्र मिळालं. सुरुंग काढणारा हात आणि पकड धरणारा हात यांच्यात मला फार अंतर दिसत नाही.

तुमच्या मिस्टरांच्या पोटातल्या गोळ्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे. आपल्या भाषेनेच इथे एक सोय करून ठेवली आहे. शौर्य गाजवतात, पराक्रम करतात. धीर मात्र धरावा लागतो. तो सुटतो, खचतो, पुन्हा गोळा करावा लागतो. आणि धीर दुसऱ्याला देताही येतो. ‘त्याने मला शौर्य दिलं’ असं कुणी म्हणत नाही, ‘त्याने मला धीर दिला’ असं आपण रोज म्हणतो.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. 1993 साली मी उमरगा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते. 30 सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक गाढ झोपले होते. आमच्याकडची जुनी घरं म्हणजे दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवद. मातीचा तेवढा थर अंगावर आला की माणूस हाताने निघत नाही. त्या दिवसांचं मी इथे जास्त लिहिणार नाही, अजूनही लिहवत नाही.

पुढे कित्येक महिने कुणी छपराखाली झोपलं नाही. शाळा लिंबाखाली भरायची. मग पत्र्याची खोली उभी राहिली, फळा टांगला, घंटा दिली, आणि एकही पोर आत येईना. वाऱ्याने पत्रा वाजला तरी सगळी पांगायची. मी स्वतः दारात उभी होते, माझेही पाय आत वळत नव्हते. तेव्हा चौथीतली एक मुलगी पुढे आली. एका हाताने तिने चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटांची टोकं पांढरी पडली होती. दुसऱ्या हातात धाकट्या भावाची करंगळी. एक पाय आत, एक बाहेर. भाऊ छताकडे बघत रडत होता. ती त्याला म्हणाली, “वर बघू नको. माझ्याकडं बघ.” आणि त्याच्याकडे तोंड करून, उलट्या पावलांनी आत गेली. तिचा आवाज कापत होता. भाऊ गेला, त्याच्यामागे आणखी चार गेली, मग मी गेले.

तेव्हा भिणाऱ्या माणसाला मी भित्रा म्हणत नाही. विजेच्या कामात तर भीती गेलेला माणूस मला जास्त धोक्याचा वाटतो. ज्याच्या पोटात गोळा येतो तो सबस्टेशनला पुन्हा फोन करून विचारतो, लाइन बंद आहे ना, टेस्टर लावतो, अर्थिंग करतो, मगच तारेला हात लावतो. मुलाला सांगा, बाबांना विचार : हात लावण्याआधी काय काय करता, आणि त्या रात्री गोळा नेमका कधी आला? ते निबंधात घाल आणि मला पाठव. मी तपासून देईन.

प्रश्न : ‘रात्रंदिवस आम्हां युद्धाचा प्रसंग’ हे तुकोबांनी खऱ्या लढाईबद्दल म्हटलं आहे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : पुढचाच चरण बघा : ‘अंतर्बाह्य जग आणि मन’. बाहेर जगाशी आणि आत मनाशी, दोन्हीकडे. त्या पुढच्या ओळीत रोज येणारे आघात आहेत आणि ‘नित्य’ हा शब्द दोनदा आला आहे. मी वर्गात नेहमी त्या शब्दावर थांबायचे. ही लढाई संपत नाही, उद्या सकाळी पुन्हा उभं राहायचं असतं. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळणाऱ्या बायकांना हा अभंग समजावून सांगावा लागत नाही.

प्रश्न : तानाजी खरंच घोरपडीला दोर बांधून कोंढाणा चढला का?
– इयत्ता सातवी, अंबाजोगाई

उत्तर : बाळा, घोरपड पोवाड्यातून आणि गोष्टींतून आपल्याकडे आली. मीही लहानपणी ती ऐकतच झोपायचे. पण शिवकाळाला सर्वांत जवळची जी सभासदाची बखर, तिच्यात घोरपड नाही. तिच्यात कडा चढण्यात तरबेज असे दोन निवडक मावळे आहेत. ते आधी वर गेले आणि बाकीच्यांना त्यांनी वर घेतलं. फेब्रुवारी 1670 मधली रात्र, तटावर उदेभानाचा पहारा.

घोरपडीला गोष्टीने नाव दिलं, यशवंती. त्या दोघांची नावं बखरीत नाहीत. सिंहगडावर सहलीला गेलास तर कड्याच्या कठड्याशी नीट उभा राहून एकदा खाली बघ, आणि अंधारात पहिला हात कुठे घातला असेल ते शोध.